प्रिन्स ऑफ पर्शिया पुण्यानं बुडवला नाही

'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या व्हिडिओ गेमचा रीमेक, म्हणजे जुन्या गेमची नव्यानं बनवलेली आवृत्ती, युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं जानेवारी २०२६ मध्ये रद्द केली आणि तेव्हापासून एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात म्हटलंय ते असं: पुण्या-मुंबईच्या पोरांच्या हाती काम दिलं आणि जगातला एक नावाजलेला गेम मातीत गेला. आपल्याला सांगकामं जमतं, स्वतःचं काही घडवणं जमत नाही. या गेमवरचा सिनेमाही आपटला होता, कारण गेमवरचे सिनेमे आपटतातच. तेव्हा मुलांना या क्षेत्रात पाठवू नका.

मी इतके दिवस सोडून दिलं होतं. पण परवा आमच्या भाऊजींनी तो स्वतःच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला पाठवला आणि खाली लिहिलं, "अजून वेळ गेलेली नाही." ती गेम आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं तो एक शब्दही न लिहिता मला पुढे पाठवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला आरोप सगळ्यात वाईट आहे, म्हणून आधी तोच घेते. रीमेकची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली, काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं, आणि गेम जानेवारी २०२१ मध्ये येईल असं सांगितलं गेलं. ट्रेलरवर जगभरातून टीका झाली. चेहरे निर्जीव होते, प्रकाश सपाट होता. ट्रेलर वाईटच होता, एवढं मान्य करावं लागतं. तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम युबिसॉफ्टच्याच कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं, जिथे २००३ चा मूळ गेम बनला होता.

मेसेज लिहिणारा इथेच थांबतो. पुढे काय झालं ते त्याला सांगायचं नाही, कारण त्यानं त्याचा सगळा दावाच कोसळतो. मॉन्ट्रियलकडे हा गेम मे २०२२ पासून रद्द होईपर्यंत होता. साडेतीन वर्षांहून जास्त! काम हलवताना कंपनीनं स्वतःच्या निवेदनात सांगितलं होतं की पुणे आणि मुंबईनं केलेल्या कामावरच पुढची उभारणी होईल. मुळात टाकाऊ असलेल्या कामाबद्दल कुठली कंपनी असं बोलते? २०२४ मध्ये 'गेम २०२६ मध्ये येईल' असंही जाहीर झालं. आणि शेवटी इतर पाच गेमांबरोबर हाही रद्द झाला. कारण काय दिलं? हवा तो दर्जा गाठता आला नाही आणि आणखी वेळ-पैसा ओतणं परवडणारं नाही. मूळ गेम जिथे जन्मला त्या स्टुडिओलाही जे साधलं नाही, त्याचा दोष पुण्यातल्या ॲनिमेटरच्या माथी मारायचा?

शिवाय ट्रेलर कधी दाखवायचा, तारीख काय द्यायची, बजेट किती, हे चेहऱ्याचं मॉडेल करणारी मुलगी ठरवत नाही. प्रकाशक, म्हणजे इथे युबिसॉफ्ट, ठरवतो. घोषणेनंतर चार-पाच महिन्यांत गेम विकायला काढायचं ठरलं आणि तो ट्रेलर तसाच बाहेर सोडला गेला. अशा गोष्टींवर वरच्यांची मंजुरी लागते, हे कुठल्याही कंपनीत नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागू नये. भाऊजी, तुम्ही तर तीस वर्षं कंपनीत काढलीत.

आणि त्याच युबिसॉफ्टच्या फ्रान्समधल्या माँपेलिये स्टुडिओचं पाहा. त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन' आणला. समीक्षकांनी उचलून धरला, माझ्या मते तो या मालिकेतल्या सर्वोत्तम गेमांपैकी आहे. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी ती टीम मोडली. मग फ्रेंचांनाही गेम बनवता येत नाहीत म्हणायचं का?

'स्वतःचं काही घडवणं जमत नाही' या वाक्यानं मला खरा संताप आला. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम २०२० साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी नायिका, प्राचीन भारताची पार्श्वभूमी, छोटी टीम. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमांच्या गटात त्याला नामांकन मिळालं. गेम लांबीनं छोटा आहे, मारामारी कुठे कुठे अडखळते. पण भिंतींवरची चित्रं आणि ती वास्तू पाहून सांगा, हे सांगकाम्यांचं काम आहे का.

सिनेमाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. २०१० च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'नं जगभरात ३३ कोटी डॉलरांहून जास्त कमावले. खर्च अफाट होता म्हणून डिस्नेनं पुढचा भाग काढला नाही, इतपतच त्यात तथ्य. २०२३ च्या मारिओच्या सिनेमानं १३० कोटी डॉलर ओलांडले, २०२५ चा माइनक्राफ्टचा ९५ कोटींपर्यंत गेला. २०२४ चा 'बॉर्डरलँड्स' दणकून पडला, तेही खरं. म्हणजे काही चालतात, काही पडतात.

राहिला करिअरचा सल्ला. या क्षेत्रात नोकऱ्या डळमळीत आहेत, हे मी नाकारणार नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर हजारो लोक घरी बसले. मायक्रोसॉफ्टनं 'हाय-फाय रश'सारखा नावाजलेला गेम देणारा टोकियोतला टँगो गेमवर्क्स स्टुडिओ २०२४ मध्ये बंद करण्याची घोषणा केली. नंतर क्राफ्टन या कोरियन गेम कंपनीनं तो वाचवला, ती गोष्ट वेगळी. काळजी करायची तर ही करा. पोरीच्या संस्थेत जाऊन विचारा की इथून बाहेर पडलेल्यांची नावं कुठल्या प्रसिद्ध झालेल्या गेमांच्या श्रेयनामावलीत आहेत, पोर्टफोलिओ कोण तपासतं, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी गेमवर प्रत्यक्ष काम केलंय. उत्तरं गुळमुळीत आली तर संस्था बदला, मी स्वतः तिच्याबरोबर नवी शोधायला येईन. पण 'आपल्या लोकांना जमत नाही' असं तिला पुन्हा पाठवू नका.