लालपरीत लटकवलेले डबे

आज दुपारपासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितोय. लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या.

पुणे रोडला एकाने जुनी एसटी उभी करून हॉटेल काढलंय. भाच्याचा वाढदिवस होता, पोरांचा हट्ट, गेलो. चाकं काढून गाडी विटांवर बसवलीय, लाल रंग नवाकोरा. आत टेबलं. आणि वरच्या दांडीला ओळीनं लटकवलेले जेवणाचे डबे, फडक्यात गाठ मारून. शोभेला! शेजारच्या टेबलावरची मुलगी त्यांच्याखाली उभी राहून फोटो काढत होती, "कसलं व्हिंटेज आहे ना!" माझा घास घशाखाली उतरेना. बाहेर येऊन उभा राहिलो.

सोलापुरात खोली करून शिकलेल्यांना तो डबा काय होता हे सांगायला नको. मी १९९४ ला सात रस्त्याजवळ खोली घेऊन राहत होतो. गाव वैरागच्या आत, आडबाजूला. रात्री मुक्कामी गाडी यायची आणि पहाटे सहाला सुटायची. आई चारला उठून भाकरी थापायची, कालवण, शेंगाचटणी, आणि अंधारातच डबा नेऊन मास्तरांच्या हातात द्यायची. मास्तर म्हणजे कंडक्टर. ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बॉनेटवर वीस-पंचवीस डबे रचलेले असायचे. इंजिन तापायचं, म्हणून आठ वाजता स्टँडवर डबा हातात यायचा तेव्हा कोमट असायचा. कुणाचा डबा कुठला हे फडक्यावरून कळायचं. आमचं फडकं आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं. या कामाचे मास्तर एक पैसा घेत नव्हते.

ही गाडी पोरांचे डबे आणायची, टपावर पोती आणायची, दुधाच्या किटल्या आणायची, बाळंतपणाला आलेली लेक आणायची. १ जून १९४८ ला नगर-पुणे पहिली एसटी धावली तेव्हापासून हेच चाललंय. आषाढीला पंढरपूरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून गाड्या लागतात ते बघा एकदा. फोटो काढायचेत ना, ते काढा.

गाडीचं रूप बदलू नये असं मी म्हणत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जुन्या गाड्यांच्या सीटा काढून, खिडक्या पत्र्यानं बंद करून त्यांचे मालट्रक केले होते. तसली एक मी मार्केट यार्डात पाहिली. मागून दार उघडलं होतं, आत बियाण्याची पोती छताला भिडलेली, आणि त्यांच्या वर, पत्र्यावर अजून तशीच अक्षरं, 'महिलांसाठी राखीव'. मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. म्हातारी झाली तरी ओझं वाहतेय. तिच्या पत्र्यावरून हात फिरवून आलो.

हॉटेलवाल्याची बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल. भंगारात तुकडे होण्यापेक्षा बरं, आणि चार पोरं कामाला लागलीत. मान्य. पण डबे कशाला लटकवायचे? रिकामे डबे!

त्या वर्षी श्रावणात मला ताप आला. दोन दिवस अंथरुणातून उठता येईना, स्टँडवर जाणार कोण? तेव्हा मोबाइल कुठला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. मास्तर. खाकी कपडे घामानं भिजलेले, हातात दोन डबे, कालचा आणि आजचा. स्टँडवरच्या पोरांना विचारत विचारत खोली शोधली होती. पुढच्या फेरीला जेमतेम वेळ होता. कपाळाला हात लावून बघितला, "पोरा, कालचा खाऊ नको, आजचा खा," म्हणाले आणि गेले. रात्री मुक्कामाला गेल्यावर आधी आमच्या घरी जाऊन आईला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीनं आई आली. डबा बॉनेटवर ठेवला नव्हता तिनं, सगळा रस्ता मांडीवर धरून आणला होता.

आणि आता ती मुक्कामी गाडी नाही. मघापासून हॉटेलवाल्यावर राग काढतोय, पण आत कुठंतरी माहीत आहे की गाडी मोकळी पडली ती आमच्यामुळं. दारात वडापची खाजगी जीप आली की आम्ही तिच्यात बसलो. मग मोटारसायकली घेतल्या. मीसुद्धा घेतली. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, चांगलंच झालं, पण आमच्या गावच्या बायकांना ते काढायला आधी चालत फाट्यावर यावं लागतं. आठवीतल्या पोरी चालतात. पावसात चालतात.

लिहिता लिहिता राग उतरला. त्या मुलीचा काय दोष, तिला कुणी सांगितलंच नसेल. उठून आलो ते चुकलं, शेजारी बसून सांगायला हवं होतं.

संध्याकाळी आईला फोन करून डब्यांचं सांगितलं. ती फार काही बोलली नाही. एवढंच विचारलं, "मास्तर कुठं असत्याल रे आता?" मला त्यांचं नावही माहीत नाही, कधी विचारलंच नाही. उंच, सावळे, डाव्या भुवईवर खोक. १९९४-९५ ला वैराग भागात मुक्कामी गाडीवर होते. कुणाच्या घरातले, ओळखीतले असतील तर मला कळवा. आईला घेऊन यायचंय.