सोडियमचा निऑन होत नाही

‘अणुरचना आणि आवर्तसारणी चार वाक्यांत, पुस्तक उघडायची गरज नाही’ असा एक मेसेज सध्या शाळकरी मुलांच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या नववीतल्या भाचीने तो वहीत उतरवून चक्क पाठ केला, म्हणून हे लिहायला बसलो. चारांपैकी एकही वाक्य धड नाही.

पहिलंच बघा: ‘इलेक्ट्रॉनच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरतं. सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला की त्याचा निऑन होतो, क्लोरीनने एक घेतला की अरगॉन.’ म्हणजे मीठ हे निऑन आणि अरगॉनचं संयुग झालं! अहो, सहजासहजी कुणाशीच संयोग न पावणारे हे दोन वायू एकमेकांना धरून ठेवतील कशाच्या जोरावर? मूलद्रव्य ठरतं ते केंद्रकातल्या प्रोटॉनवरून, त्यांचीच संख्या म्हणजे अणुअंक. इलेक्ट्रॉन गेला तरी सोडियमचे 11 प्रोटॉन 11च राहतात. 11 प्रोटॉन आणि 10 इलेक्ट्रॉन, म्हणून तो धनप्रभारित सोडियम आयन होतो आणि क्लोराइड आयनला ओढून धरतो. निऑनमध्ये दोन्ही 10, त्यामुळे प्रभार शून्य. दोघांचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कवचांमधली इलेक्ट्रॉनची मांडणी, 2, 8 अशी सारखी आहे, एवढंच काय ते खरं.

आणि याला पुरावा आहे. 1913 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी एकेका मूलद्रव्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली; फोटोवर हे किरण रेषांच्या रूपात उमटत. सारणीत एक घर पुढे गेलं की वारंवारतेचं वर्गमूळ जवळपास ठरावीक टप्प्याने वाढत होतं. तो टप्पा केंद्रकावरच्या एकेका प्रभाराचा. कोबाल्टचं अणुवस्तुमान निकेलपेक्षा किंचित जास्त, तरी या रेषांनी कोबाल्टला 27 वर आणि निकेलला 28 वर बसवलं. जस्तासाठी मोझलींनी पितळ वापरलं होतं. फोटोवर तांब्याच्या रेषा तांब्याच्याच जागी उमटल्या आणि जस्ताच्या त्यांच्या शेजारी. मिश्रधातूत इतके मिसळूनही तांबं तांबंच राहिलं, जस्त जस्तच.

याच मोझलींमुळे मेसेजमधलं ‘मेंडेलीव्हने मूलद्रव्यं अणुअंकानुसार मांडली’ हे वाक्यही पडतं. मेंडेलीव्हची सारणी 1869 ची. तेव्हा प्रोटॉनच ठाऊक नव्हता, अणुअंक आणणार कुठून? त्यांनी अणुवस्तुमान धरलं, आणि जिथे ते गुणधर्मांशी जुळेना तिथे गुणधर्मांना मान दिला. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड असूनही आधी बसवलं, ते त्यामुळेच.

‘प्रत्येक कवचात जास्तीत जास्त 8 इलेक्ट्रॉन’ यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. बाह्यतम कवचात 8 हून जास्त नसतात, आणि पहिली 20 मूलद्रव्यं लिहिताना हा नियम निभावतो. पण कवचाची क्षमता वेगळी: पहिल्या म्हणजे के मध्ये 2, दुसऱ्या एल मध्ये 8, तिसऱ्या एम मध्ये 18. लोहाचं संरूपण 2, 8, 14, 2 आहे. मेसेजप्रमाणे लिहायला गेलं तर ते 14 बसवणार कुठे?

राहिलं शेवटचं, ‘समस्थानिकं म्हणजे किरणोत्सारी अणू’. साफ चूक. समस्थानिकांत प्रोटॉन तेवढेच, फरक फक्त न्यूट्रॉनचा. कार्बन-14 किरणोत्सारी आहे, पण कार्बन-12 आणि कार्बन-13 पूर्ण स्थिर. कथिलाची तर 10 समस्थानिकं स्थिर आहेत.