पार्किन्सन्सची ती चाचणी रक्ताची नव्हे

‘रक्ताच्या एका थेंबातून पार्किन्सन्स (हातापायांना कंप आणणारा मेंदूचा आजार) दहा वर्षं आधी कळतो’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. या चाचणीवरचा, २०२३ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला १,१२३ जणांचा अभ्यास रक्तावर नव्हता, कमरेत सुई घालून काढलेल्या मणक्यातल्या पाण्यावर होता. त्या पाण्यात घडी चुकलेलं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन असेल, तर ते विरजणासारखं काम करतं: बाहेरून घातलेलं चांगलं प्रथिनही बिघडवतं आणि गुठळ्या यंत्राला दिसतात. सुमारे ८८ टक्के रुग्णांत चाचणी पॉझिटिव्ह आली. एलआरआरके२ जनुकदोष असलेल्या रुग्णांत मात्र ६७.५ टक्केच. म्हणजे निगेटिव्ह निकालाने आजार नाही असं ठरत नाही. शिवाय लुई बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारातही ती पॉझिटिव्ह येते. हाताला कंप असलेल्या आईवडिलांना कृपया आधी न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.