काळा-लाल-हिरवा झेंडा

३० ऑक्टोबर २०२३, सोमवार. लेकीला शाळा बुडवायला लावून मी गहुंज्याला अफगाणिस्तान-श्रीलंका मॅचला घेऊन गेले होते. नवरा म्हणाला, भारताची मॅच नाही, मग एवढ्या लांब कशाला? त्याला घरीच ठेवलं.

आमच्या पुढच्या दोन रांगा अफगाण पोरांनी भरलेल्या. पुण्यात शिकणारी, कोंढवा-कॅम्प भागात राहणारी. श्रीलंका २४१ वर ऑलआउट झाली आणि यांनी सात विकेट राखून मॅच काढली. शेवटच्या तासात त्या पोरांनी आम्हाला बसूच दिलं नाही. आपलीही सगळी पब्लिक त्यांच्याच बाजूने. मीही घसा बसेपर्यंत ओरडले.

परत येताना गाडीत लेकीने विचारलं, "आई, यांचा झेंडा पांढरा आहे ना आता? मग ते काळा-लाल-हिरवा का नाचवत होते?"

माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. घरी येऊन शोधलं. तालिबानचा झेंडा पांढराच, त्यावर काळी अक्षरं. पण क्रिकेटची टीम आजही जुन्या प्रजासत्ताकाच्या तिरंगी झेंड्याखाली खेळते, राष्ट्रगीतही तेव्हाचंच वाजतं. जे सरकार १५ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये संपलं, त्याचा झेंडा आयसीसीच्या, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संस्थेच्या, मैदानावर अजून फडकतोय. आणि कुणालाही त्यात काही अडचण दिसत नाही.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अफगाण बोर्डाने नोव्हेंबर २०२० मध्ये २५ मुलींना करार दिले होते. म्हणजे महिला संघ कागदावर का होईना, होता. त्याआधी २०१७ मध्ये अफगाणिस्तानला पूर्ण सदस्यत्व मिळालं. पूर्ण सदस्याकडे महिला क्रिकेट हवं, हा आयसीसीचा स्वतःचाच नियम. तालिबान आले, मुली जीव मुठीत धरून पळाल्या आणि बहुतेक जणी ऑस्ट्रेलियात पोचल्या. नियम तिथेच राहिला, पैसेही पुरुषांच्या बोर्डाकडे जात राहिले. २०२४ मध्ये या मुलींनी आयसीसीला पत्र लिहिलं की आम्हाला निर्वासितांचा संघ म्हणून तरी खेळू द्या. शेवटी ३० जानेवारी २०२५ ला मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर त्या एकत्र खेळल्या, 'क्रिकेट विदाउट बॉर्डर्स' नावाच्या संघाविरुद्ध. नाहिदा सपान कॅप्टन होती. साडेतीन वर्षांत एक प्रदर्शनीय सामना.

एप्रिल २०२५ मध्ये आयसीसीने या मुलींना मदत करायला एक टास्क फोर्स जाहीर केला. आपलं बीसीसीआयही त्यात आहे. प्रशिक्षण, निधी वगैरे. चांगलंच आहे, नाक मुरडत नाही. पण त्यांनी मागितली होती टीम, आणि हातावर ठेवली मदत.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, "मग काय, राशीद खानला खेळूच द्यायचं नाही का?" लिहा, पण आधी पुढचं वाचा. डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुलींचं नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही बंद केलं, तेव्हा राशीद आणि मोहम्मद नबी दोघेही उघडपणे विरोधात बोलले. त्या देशाचा खेळाडू असून असं बोलणं सोपं नसतं. तसा तो निर्णयही बघा. बायकांना बाईनेच तपासावं हा आग्रह तालिबानचाच, आणि तपासणारी बाई तयार होऊ नये ही व्यवस्थाही त्यांचीच. बाळंतिणीने करायचं काय? आपल्याकडे आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये समुद्र ओलांडून गेल्या त्या याच कारणासाठी, बायका पुरुष डॉक्टरकडे जायला तयार नव्हत्या म्हणून. हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

तर, पुरुषांच्या संघावर बहिष्कार घाला असं माझं म्हणणं नाही. दक्षिण आफ्रिकेशी तुलना करणारे करतात. १९७४ ची टेनिसची डेव्हिस कप फायनल आपण वर्णद्वेषाच्या निषेधार्थ सोडून दिली होती, त्याचा मला अभिमानच आहे. पण तिथे संघच त्या राजवटीचा होता. इथे पुरुषांचा संघ तालिबानचा झेंडा हातात घेत नाही. माझा मुद्दा नेमका हाच आहे. संपलेल्या प्रजासत्ताकाच्या झेंड्याखाली पुरुष खेळू शकतात, तर त्याच झेंड्याखाली मेलबर्नमधल्या मुली का नाही? "तिथल्या बोर्डाची मान्यता लागते" हे उत्तर देताना झेंड्याच्या बाबतीत काबूलची मान्यता कुणी विचारली होती?

फुटबॉलवाल्यांना जमलं. फिफाने मे २०२५ मध्ये अफगाण महिलांच्या निर्वासित संघाला परवानगी दिली आणि ऑक्टोबरमध्ये तो मोरोक्कोत आंतरराष्ट्रीय सामने खेळलाही. पॅरिस ऑलिंपिकला अफगाणिस्तानचे तीन पुरुष आणि तीन बायका होत्या. गंमत म्हणजे (गंमत कसली) आयसीसी नावाच्या दोन संस्था आहेत. हेगमधल्या आयसीसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने, ८ जुलै २०२५ ला बायका-मुलींच्या छळाबद्दल तालिबानचा सर्वोच्च नेता अखुंदजादावर अटक वॉरंट काढलं. दुबईतली आयसीसी टास्क फोर्सवर थांबली.

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक अफगाण मुलगी राहते. नाव मुद्दाम लिहीत नाही. २०१९ ला शिकायला आली ती आलीच. सिरियल बघून शिकलेलं फर्डं हिंदी बोलते. तिची धाकटी बहीण काबूलमध्ये आहे. तालिबान आले तेव्हा ती सहावीत होती. सहावीच्या पुढे बंदी, म्हणून तिने सहावी दोनदा केली, निदान वर्गात तरी बसायला मिळेल म्हणून. आता ही रोज रात्री फोनवरून तिला गणित शिकवते.

३० सप्टेंबर २०२५ ला महिला वर्ल्ड कप सुरू झाला. गुवाहाटीला भारत-श्रीलंका. ती आमच्याकडे मॅच बघायला आली, पण टीव्हीकडे लक्षच नव्हतं. हातात फोन, स्क्रीनवर एकच टिक. "आंटी, पूरे मुल्क में नेट बंद है." तालिबानने आदल्या दिवशी अख्ख्या देशाचं इंटरनेट तोडलं होतं. दोन दिवस तसंच चाललं. लेक मध्येच "दीदी, सिक्स!" म्हणून ओरडायची, ती मान वर करून हसायची आणि पुन्हा फोनकडे.

पुढच्याच महिन्यात तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले आणि १० ऑक्टोबरच्या त्यांच्या पत्रकार परिषदेत एकही बाई नव्हती. गदारोळ झाला. दोन दिवसांनी दुसरी परिषद, महिला पत्रकार पहिल्या रांगेत. त्यांनी प्रश्न थेट विचारले, त्याबद्दल सलाम. पण माझ्या टाइमलाइनवर फक्त पहिल्या रांगेचे फोटो फिरले, त्या प्रश्नांना काय उत्तरं मिळाली ते कुणी शेअर केलं नाही. आपला अपमान झाला होता, तो भरून निघाला, विषय संपला. मीही फोटोच शेअर केला होता, खोटं कशाला बोलू.

मग पुन्हा ३० ऑक्टोबर. गहुंज्याच्या मॅचला बरोब्बर दोन वर्षं. महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल, नवी मुंबईत आपल्या जेमिमाच्या नाबाद १२७. आणि २ नोव्हेंबरला फायनल. आपली कॅप्टन हरमनने शेवटचा कॅच घेतला तेव्हा खाली फटाके सुरू झाले. आमच्या हॉलमध्ये नाच चाललेला. ती मुलगी टीव्हीसमोर उभी राहून तो कॅच, मग मुलींची मिठी, मग स्टेडियम, सगळं फोनवर शूट करत होती. लगेच बहिणीला पाठवलं. दोन टिक आल्या. निळ्या व्हायला वेळ लागला.

तिकडून उत्तर म्हणून एक फोटो आला. वहीचं पान, वर्गसमीकरणाची सहा गणितं. खाली लिहिलेलं तिने आम्हाला हिंदीत सांगितलं, "कॅच छान होता. चौथं बघ, चुकलंय का?"

चौथं चुकलं होतं. लेकीने तिला कंपासमधून पेन आणून दिलं.