बाहेरून तर काहीच दिसत नाही

दुखापत करून घ्यायचीच असेल तर माणसाने पाय मोडून घ्यावा. खरंच सांगते. प्लास्टर चढतं, त्यावर पोरंटोरं सह्या करतात, बसमध्ये कुणीतरी उठून जागा देतं आणि मुख्य म्हणजे "नक्की दुखतंय ना?" असं कुणी विचारत नाही. पोहणाऱ्याच्या खांद्याला यातलं काहीच नशिबी नाही. सूज नाही, खरचटलेलं नाही, हात जागच्या जागी लोंबतोय, चहाचा कप उचलतोय, मोबाईल तर व्यवस्थितच धरतोय. फक्त कानाच्या वर गेला की खांद्यात पुढच्या बाजूला अशी कळ येते की वरच्या फळीवरचा रव्याचा डबा मी चार महिने नुसता लांबून बघितलाय.

त्यात पोहून दुखापत होते हेच लोकांना पटत नाही. पोहणं म्हणजे सर्वांगसुंदर व्यायाम, सांध्यांवर भार नाही, डॉक्टर स्वतः सांगतात. अहो गुडघ्यांवर नाही भार! फ्रीस्टाईलमध्ये माणूस पुढे जातो तो बहुतेक हातांच्याच जोरावर. २५ मीटरच्या टँकमध्ये एका लेंथला वीसेक हात धरा, किलोमीटर मारायला ४० लेंथ, म्हणजे ८०० हात, म्हणजे एकेका खांद्याने ४०० वेळा डोक्यावरून गोल फिरायचं. आणि मला तर डिसेंबरात मालवणला चिवला बीचच्या स्पर्धेत समुद्रात पोहायचं होतं, त्यामुळे रोज दोन किलोमीटर चाललेले. बिचारा खांदा आधी पोहल्यावर दुखायचा, मग पोहताना, मग नुसता टँकचा पास बघितला तरी.

बॅचमध्ये सांगितलं तर निदानांचा पाऊस. आमच्या सकाळच्या बॅचमधल्या एका काकांच्या मते जगातला प्रत्येक खांदा हा फ्रोजन शोल्डरच असतो. एक मावशी म्हणाल्या आंबेहळदीचा लेप लाव, दुसऱ्या म्हणाल्या छे, निर्गुडीच्या पाल्याने शेक, मग त्या दोघींचं उथळ पाण्यात उभ्या उभ्या असं जुंपलं की माझा खांदा बाजूलाच राहिला. मी दोन्ही केलं. ऑफिसला पिवळा खांदा घेऊन गेले, तेवढे दोन दिवस मात्र लोकांनी जरा मनावर घेतलं, कारण काहीतरी दिसत होतं ना!

एक्सरे काढला, तो नॉर्मल आला. दुखणाऱ्या माणसाच्या घरात नॉर्मल एक्सरेसारखं संकट नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त वाळत घालायच्या कपड्यांची बादली हळूच माझ्याकडे सरकवली. दोरी उंचावर.

शेवटी फिजिओकडे गेले. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, अतिशय गोड बोलणारी आणि अतिशय निर्दयी. म्हणाली, हात समोर खांद्याच्या उंचीला आणा, कोपर दुमडा, आणि मग तिने माझं मनगट खाली दाबून हात आतल्या बाजूला फिरवला. मी जी काही किंकाळी फोडली ती ऐकून पलीकडच्या पडद्यामागचे कंबरदुखीवाले आजोबा "काय झालं हो?" म्हणाले. मुलगी मात्र खूश. म्हणे ही हॉकिन्स-केनेडी टेस्ट, पॉझिटिव्ह आहे मॅम. नंतर कळलं की याच दोन कॅनेडियन डॉक्टरांनी १९७४ साली 'स्विमर्स शोल्डर' या नावाने लेख लिहिला होता. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून माझ्या दुखण्याची कागदोपत्री नोंद होती आणि इकडे मी बादल्या उचलत होते.

प्रकार असा की खांद्याच्या वरच्या हाडाखाली जी चिंचोळी जागा असते, तिथून जाणारा स्नायूचा दोर हात वर नेताना चेपला जातो, दारात ओढणी अडकावी तसा. सोनोग्राफीत त्याचं नावही आलं, 'सुप्रास्पायनेटस टेंडिनोसिस'. नवऱ्याने ते जेवताना दोनदा अडखळत मोठ्याने वाचलं आणि घरातलं वातावरणच पालटलं. "एवढं लांबलचक नाव आहे म्हणजे असेल बाई काहीतरी," सासूबाई म्हणाल्या. दोरी त्याच संध्याकाळी खाली आली.

उपचार मात्र अपमानास्पद. समुद्र पोहायला निघालेल्या बाईला हातात काय दिलं, तर पिवळा थेराबँड, म्हणजे व्यायामाचा ताणायचा रबरी पट्टा. पिवळा म्हणजे अगदी सुरुवातीचा, मग लाल, हिरवा, निळा, काळा. तो खिडकीच्या गजाला बांधायचा, काखेत टॉवेलची घडी धरायची, कोपर अंगाला चिकटवून हात नुसता बाहेर फिरवायचा आणि टॉवेल पडता कामा नये. दहावीतला मुलगा येता-जाता विचारणार, "आई, लाल कधी?" रात्री त्या कुशीवर झोपायचं नाही, म्हणून मध्ये उशी ठेवलेली, ती पहाटेपर्यंत नवऱ्याच्या डोक्याखाली.

टँकवर परत जायची परवानगी मिळाली तीही अटी घालून. सगळे म्हणत होते किकबोर्ड, म्हणजे ती तरंगणारी फळी, समोर धर आणि नुसते पाय मार. फिजिओ म्हणाली अजिबात नाही, बोर्ड धरला की हात नेमका त्याच पोझिशनमध्ये ताणलेला राहतो जिथे दुखतंय. म्हणून उताणं पडून, हात अंगालगत ठेवून, नुसती किक. तुम्ही कुठे चाललाय हे तुम्हाला दिसत नाही आणि पाण्यात गोलाकार चालत गप्पा मारणाऱ्या बायकांच्या वर्तुळात तुमचं डोकं शिरतं. एकदा तर सुनेबद्दलचं काहीतरी फार महत्त्वाचं वाक्य माझ्यामुळे अर्धवट राहिलं, ते अजून मला कळलेलं नाही.

टँकवरच्या सरांनी हात मारायची पद्धतसुद्धा बदलायला लावली. आम्हाला शाळेत शिकवलेलं, हात पाण्यात घालताना अंगठा आधी. आता म्हणे बोटं आधी, खांद्याच्या रेषेत, समोरच्या बाजूला ओलांडून जायचं नाही, आणि अंग दोन्ही कुशींवर वळू द्यायचं. तीस वर्षांची सवय, ती सुटता सुटेना. मालवण या वर्षी राहिलं, बॅचमधले जाऊन आले, वर कोंबडी-वड्यांचे फोटो पाठवले.

मी आता हिरव्या बँडवर आहे. परवा चेंजिंग रूममध्ये एक नवीन बाई खांदा चोळत होत्या, म्हणाल्या, "काही नाही हो, जरा धरलाय, बाहेरून तर काहीच दिसत नाही." मी म्हटलं, जरा हात समोर आणा बघू, कोपर दुमडा. बाहेरून लाईफगार्ड धावत आला दार वाजवायला.