‘पाच मिनिटांत अक्षर आपोआप लिहिलं जातं’ म्हणे! नाही जात

परवा रात्री साडेनऊला मावसबहिणीचा फोन आला, डोंबिवली लोकलमधून, आवाज रडवेला. लोअर परळच्या एका छोट्या स्टुडिओत ती सहा महिन्यांपूर्वी लागलीये. पाडव्याच्या गिरगावातल्या शोभायात्रेच्या व्हिडिओसाठी ‘स्वागत’ हा शब्द बोरूने लिहिला जातोय असं दाखवायचं होतं, कॅलिग्राफी तयार होती, फक्त ती लिहिली जाताना दिसायला हवी होती. हिने दोन दिवस मागितले तर सरांनी एक रील फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, पाच मिनिटांचं काम आहे, सकाळी दे.

तीच रील माझ्याही तीन ग्रुपवर येऊन गेलीये आणि मी दुर्लक्ष केलं होतं. आता नाही करणार.

रीलमध्ये सांगितलंय ते असं. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाईप करा, क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट करा, ट्रिम पाथ्स (पाथ म्हणजे रेघेचा मार्ग, तो थोडा थोडा उलगडणारी सोय) लावून एन्ड ० वरून १०० टक्क्यांवर न्या, अक्षर हाताने लिहिल्यासारखं उमटतं. कागदावरचं अक्षर असेल तर ऑटो-ट्रेस, म्हणजे चित्रावरून आपोआप रेघ. बोरूचा जाड-बारीकपणा हवा असेल तर टेपर. आणि यासाठी डिझायनर हजारो रुपये घेतात ती लूट आहे.

पहिला मुद्दाच मुळात खोटा आहे आणि सगळी रील त्याच्यावरच उभी आहे. आफ्टर इफेक्ट्स बनवणाऱ्या अडोबीच्या स्वतःच्या हेल्पमध्ये स्वच्छ लिहिलंय की क्रिएट शेप्स ही कमांड प्रत्येक अक्षराची आउटलाइन काढते, म्हणजे अक्षराच्या कडेची रेघ. आपण ग लिहितो तेव्हा पेन अक्षराच्या मधून फिरतं, कडेने नाही. त्यामुळे ट्रिम पाथ्स लावलं की रेघ अक्षराला प्रदक्षिणा घालते. त्याच हेल्पमध्ये पुढे असंही आहे की ज्या अक्षरांत एकाहून जास्त पाथ असतात ते वेगवेगळे बनतात आणि मर्ज पाथ्सने परत जोडले जातात. म्हणजे आपल्या व च्या पोटातली पोकळी हा वेगळा पाथ, ती बाहेरच्या रेघेशी संबंध नसल्यासारखी स्वतंत्र सुरू होते. आणि रेघ कुठून निघणार हे फाँट बनवताना जो पॉइंट पहिला पडला त्यावर ठरतं, आपल्याला शाळेत पाटीवर कुठून सुरुवात करायला शिकवलं त्यावर नाही.

शिरोरेखेचं तर विचारूच नका. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेखेचा तुकडा घेऊन येतं, ते तुकडे एकमेकांना चिकटतात म्हणून आपल्याला सलग रेघ दिसते. आउटलाइनवर स्ट्रोक, म्हणजे रंगाची रेघ, लावला की प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसायला लागते, चौकटी आखल्यासारखी, आणि शिरोरेखा अक्षराबरोबर तुकड्यातुकड्याने येते. आपण ती शब्द झाल्यावर शेवटी एका दमात ओढतो ना? रील बनवणाऱ्याने इंग्रजी शब्दावर करून दाखवलंय, मराठीवर एकदा तरी करून बघायचं होतं.

ऑटो-ट्रेसही तेच करतं, कडेभोवती मास्क, म्हणजे बंद रेघ, बनवतं, मधली रेघ देत नाही. टेपर २०२० मध्ये आलं आणि चांगलं आहे, पण ते स्ट्रोकची टोकं निमुळती करतं. बोरूची जाडी रेघेच्या टोकावर ठरत नाही, बोरूच्या कापलेल्या टोकाचा कोन आणि हाताची दिशा यावर ठरते, एकाच वळणात तीनदा बदलते.

आता जे खरं आहे ते मान्य करते. सारख्या जाडीच्या रेघेचा लोगो, सही, नकाशावर चर्चगेट ते विरार अशी धावणारी लाइन, हे पेन टूलने, म्हणजे हाताने पाथ काढून, ट्रिम पाथ्स लावलं तर खरंच पाच मिनिटांत होतं. असे पाथ ज्यावर काढतात ते शेप लेयर २००७ ला आफ्टर इफेक्ट्सच्या सीएस३ आवृत्तीत आले, तेव्हापासून लोक हे करतायत. पण कॅलिग्राफी म्हणजे ते नाही.

त्या रात्री आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर जे केलं ते सांगते. मूळ कॅलिग्राफी खाली तशीच ठेवली. तिच्यावर पेन टूलने अक्षराच्या मधून, लिहितो त्याच क्रमाने पाथ काढले, अर्ध्या स चे दोन, व चे दोन, काना, ग चे दोन, त चे दोन आणि शिरोरेखा, असे दहा. प्रत्येकाचा स्ट्रोक खालच्या अक्षराहून जाड, त्यावर ट्रिम पाथ्स, आणि हे सगळं कॅलिग्राफीला ट्रॅक मॅट म्हणून, म्हणजे स्ट्रोक जिथवर पोचेल तेवढंच खालचं अक्षर दिसतं. इथेही पहिल्या प्रिव्ह्यूला त च्या वळणाचा जाड स्ट्रोक दांड्याला घासला आणि दांड्याचा लचका त्याची पाळी यायच्या आधीच दिसायला लागला. मग त चे वळण आणि दांडा असे दोन वेगळे तुकडे कापले, प्रत्येकाला स्वतःचा मॅट दिला. तेच व ला, तेच ग ला. नंतर वेग, कारण हात वळणावर सावकाश होतो आणि दांडा झरकन येतो, दहाही पाथचे कीफ्रेम, म्हणजे वेळेच्या खुणा, वेगळे बसवावे लागले. दीड वाजला. एका शब्दाला, दोघींना, तयार कॅलिग्राफी हातात असताना.

म्हणून लूट हा शब्द मला सहन होत नाही. ती मुलगी दुसऱ्या दिवशी सव्वासातची लोकल पकडून परत गेली, आणि तिच्या पगारातून कोणी त्या रात्रीचे पैसे जास्त देणार नाहीये.

ज्यांनी रील फॉरवर्ड केलीये त्यांनी एवढंच करा. ‘स्वागत’ टाईप करा, शेप्स बनवा, फिल, म्हणजे अक्षराच्या आतला रंग, चालूच ठेवून ट्रिम पाथ्स लावा आणि एन्ड ५० वर थांबवा. ट्रिमने उघड्या पडलेल्या पाथची दोन टोकं फिल सरळ रेषेने जोडतो, त्यामुळे अक्षर सुरीने तिरकं कापल्यासारखं दिसेल. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि रील जिथे जिथे पाठवलीत त्या प्रत्येक ग्रुपवर टाका.