‘कायोटी सोला, शंभर डॉलर मिळवा’: या दाव्यात काय काय चुकतं

कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गटांत थंडी सुरू झाली की एक मजकूर फिरायला लागतो. सारांश असा: इकडे कायोटी (लांडग्याच्या कुळातलं, कोल्ह्यासारखं दिसणारं उत्तर अमेरिकेतलं जनावर) उदंड आहेत, मारायला कुणाची आडकाठी नाही, एका कातड्याचे शंभर डॉलर मिळतात. धारदार चाकू घ्या, एखादा व्हिडिओ बघा, अर्ध्या तासात कातडं उतरतं. मीठ चोळा, जमेल तेवढं ताणून खिळे ठोका, हीटरजवळ वाळवा आणि विका. इथल्या खेड्यात जमीन घेतलेल्या, नव्यानेच शिकारीचा परवाना काढलेल्या काही जणांनी तो मला पाठवून ‘खरं का हो हे?’ असं विचारलं. मी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात राहतो आणि हिवाळ्यात शेजारच्या एका वयस्कर ट्रॅपरच्या (सापळे लावून फरची जनावरं धरणाऱ्याच्या) शेडमध्ये त्यांच्या हाताखाली हेच काम करतो, म्हणून विचारणं साहजिक आहे.

उत्तर सविस्तर देतोय, कारण या मजकुरावर विसंबणाऱ्याचे पैसे तर बुडतातच, शिवाय मारलेल्या जनावराचं कातडंही मातीमोल होतं. मला दुसऱ्या गोष्टीचा जास्त त्रास होतो. कायोटी मारावा की मारू नये हा वाद वेगळा आहे आणि तो जरूर घालावा. पण मारल्यावर त्याची फर कचऱ्यात जाणं कुठल्याच बाजूने समर्थनीय नाही.

पहिला मुद्दा शंभर डॉलरचा. हा आकडा हवेतून आलेला नाही, तो शिळा आहे. पार्का या जाड हिवाळी जॅकेटच्या टोपीला कायोटीच्या फरची झालर लावायची फॅशन जोरात होती, तेव्हा प्रेअरीतल्या, म्हणजे कॅनडा-अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांतल्या, फिकट, दाट फरच्या कातड्यांना लिलावात शंभरच्या आसपास भाव मिळत होता. नंतर एकामागून एक धक्के बसले. ऑक्टोबर २०१९ मध्ये टोरोंटोतल्या नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स या बड्या लिलाव कंपनीला धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात जावं लागलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने नव्या फरच्या वस्तू विकायला बंदी घालणारा कायदा केला, तो २०२३ च्या सुरुवातीपासून लागू आहे. जून २०२१ मध्ये अशी जॅकेटं बनवणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेरीस फरची खरेदी थांबेल आणि २०२२ संपायच्या आत फर लावलेला माल बनवणंच बंद होईल. टोपीची झालर हेच ज्या कातड्याचं मुख्य गिऱ्हाईक, त्याचं गिऱ्हाईकच आटलं. भाव कोसळले आणि फिरता मजकूर मात्र जुन्या आकड्यालाच चिकटून राहिला.

त्यातही ‘कायोटीचं कातडं’ असा सरसकट माल बाजारात नसतो. अल्बर्टा, सस्कॅचेवान, मोंटाना, डाकोटा या पट्ट्यातला कायोटी फिकट रंगाचा, पोटाला पांढरा आणि लांब मऊ लवेचा. पूर्वेकडचा अंगाने मोठा असतो, पण फर राठ आणि तांबूस. टेक्सासकडचा लहान आणि विरळ फरचा. तोच खरेदीदार, तोच दिवस, तरी पश्चिमेच्या कातड्यापुढे दक्षिणेच्या कातड्याला किरकोळ रक्कम मिळते. ऑन्टॅरियो किंवा टेक्सासमधल्या माणसाने मोंटानाचा भाव गृहीत धरून हिशेब मांडला, तर चाकूला हात लावायच्या आधीच तो तोट्यात आहे.

मजकुरात ऋतूचा उल्लेखच नाही, आणि तोच सगळ्यांत मोठा गाळलेला भाग आहे. कायद्याने वर्षभर मारता येतो म्हणून कातडं वर्षभर विकलं जात नाही. फर पूर्ण भरते ती साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत. भरलेल्या फरच्या कातड्याची आतली बाजू पांढरट-साईच्या रंगाची दिसते. ऑक्टोबरात सोललं तर तीच बाजू निळसर-काळपट निघते, कारण नव्या केसांची मुळं अजून कातडीत रंग ओतत असतात. फेब्रुवारीत अंग घासून घासून खांद्यावरचे आणि मागच्या भागावरचे राखणकेस (फरवरचे लांब, राठ केस) झडायला लागतात. खरेदीदार कातडं आतून उलटून बघतो तो याचसाठी.

‘कुणाची आडकाठी नाही’ याबद्दल थोडक्यात. बऱ्याच राज्यांत कायोटीला शिकारीच्या हंगामाचं बंधन नाही, हे खरं. पण मारण्याची मुभा आणि कातडं विकण्याची मुभा या दोन वेगळ्या बाबी आहेत. विक्रीसाठी फरचा किंवा ट्रॅपिंगचा परवाना बऱ्याच ठिकाणी लागतो. जमीनमालकाची परवानगी आणि रस्त्यावर मेलेलं जनावर उचलण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. बेकायदा मिळवलेलं कातडं अमेरिकेत राज्याच्या सीमेपलीकडे विकलं तर १९०० सालापासून असलेला लेसी कायदा लागू होतो. हा मजकूर आता महाराष्ट्रातल्या गटांतही ‘कोल्ह्याचा धंदा’ म्हणून फिरतोय, म्हणून स्पष्ट सांगतो: भारतात कोल्हा, खोकड किंवा लांडगा मारणं आणि त्यांचं कातडं विकणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे.

आता कामाकडे. ‘अर्ध्या तासात कातडं उतरतं’ हे सराईत हातासाठी खरं आहे, तो माणूस त्याहून लवकरही उतरवतो. अडचण वेळेची नाहीच. कातडं उतरवणं हा या कामाचा एक तुकडा आहे आणि मजकूर तोच संपूर्ण काम म्हणून विकतोय.

मुळात घाई असते ती सोलायला बसायच्या आधी. हिवाळी फर इतकी दाट असते की बाहेर उणे तापमान असलं तरी मेलेल्या जनावराच्या पोटातली ऊब तासन्‌तास टिकते. त्या उबेत पोटाची कातडी हिरवी पडते आणि मग तिथली लव चिमटीत धरली तरी हातात येते. रात्रभर गाडीत टाकून ठेवलेला कायोटी वरून अगदी ठणठणीत दिसतो. बिघाड कळतो तो नंतर, कातडं धुताना, पोटाजवळचा केसांचा पुंजका सुटून येतो तेव्हा. त्यामुळे त्याच दिवशी, शक्यतो अंग गरम असतानाच सोलावं. गरम अंगावरून कातडं ओढून निघतं, थंड झाल्यावर प्रत्येक इंचाला चाकू लागतो आणि तितकी भोकं पडतात.

कायोटीचं पोट मधोमध चिरायचं नसतं. मजकुरासोबतच्या चित्रात तसंच दाखवलंय आणि असं उघडं कातडं फरच्या बाजारात कमी किमतीला जातं. जनावर मागच्या पायांनी टांगायचं. एका टाचेपासून मांडीच्या मागच्या कडेने, गुदद्वाराजवळून, दुसऱ्या टाचेपर्यंत एकच चीर द्यायची. ती जिथे पाठीकडची रंगीत लव आणि पोटाकडची फिकट लव मिळते त्या रेषेवरून जायला हवी, नाहीतर फळीवर चढवताना पोटाचा पांढरा पट्टा वाकडा येतो. शेपटीचं मूळ मोकळं केलं की हाडाला चिमट्यात धरून एका दमात ओढायचं, आख्खं हाड सरकून बाहेर येतं. मग शेपटी खालच्या बाजूने टोकापर्यंत चिरायची. ही चीर राहिली तर शेपटी आतून कुजते आणि तिचे केस गळतात. पुढे चाकू बाजूला ठेवायचा. मूठ आत घालून, वजनाने खाली दाबत, उशीचा अभ्रा उलटा काढावा तसं कातडं डोक्याकडे उतरवायचं.

खरी परीक्षा डोक्याशी आहे. कानाचं कूर्चेचं मूळ कवटीला टेकून कापावं लागतं. जरा वर कापलं की कानाच्या जागी भोक. तर्जनीने मूळ चाचपायचं, पातं हाडाकडे वळवायचं आणि हळू टेकवायचं. डोळ्याशीही पातं हाडालाच घासत राहायला हवं, म्हणजे पापण्या शाबूत राहतात. ओठाची काळी कड आणि नाक कातड्यासोबतच यायला हवं. शेजारच्या आजोबांनी मला डोक्यापुढे बसवलं तेव्हा बाकी अंग त्यांनी स्वतः सोलून दिलं होतं. शिकवण्याची ही पद्धत मला फार योग्य वाटते, कारण हात थकायच्या आधी अवघड जागा वाट्याला येते.

कातडं उतरल्यावर मजकूर थेट मिठावर जातो. इथे आधी बरंच काम आहे. रक्त थंड पाण्याने धुवायचं, फरमधली कुसळं आणि गोखरू विंचरून काढायचे, फर कोरडी करायची. मग उतरत्या लाकडी बीमवर कातडं चढवून दोन मुठींच्या बोथट सुरीने मांस आणि चरबी मानेकडून शेपटीकडे खरवडायची. कायोटीचं कातडं रकूनसारखं चरबीने माखलेलं नसतं. मानेवर, खांद्यावर तांबडं मांस आणि जांघेत थोडी चरबी, एवढंच. म्हणून शिकाऊ माणूस जोर जास्त लावतो. कातडी पातळ असते, सुरी खोल गेली की केसांची मुळं कापली जातात आणि दुसऱ्या बाजूने लव सुटून पडते. फाटलेलं शिवता येतं, गोळीचं बारीक भोकही आतून नीट टाक्याने बुजवता येतं. मुळं कापलेल्या जागेवर काहीच उपाय नाही.

आता मीठ. हा सल्ला आपल्या लोकांना पटतो, आणि का पटतो तेही समजतं. धारावीत किंवा कोल्हापूरकडे बकऱ्याचं, म्हशीचं कच्चं कातडं मिठातच टिकवलं जातं. ते पुढे कमावण्याच्या हौदात जातं, केस काढले जातात आणि चामडं होतं. तिथे मीठ बरोबरच आहे. इथे माल म्हणजे केस. कच्च्या फरच्या बाजारात कातडं मिठाशिवाय, नुसतं वाऱ्यावर वाळवलेलं लागतं. मिठाचं कातडं हवेतली ओल ओढून घेतं, नीट वाळत नाही आणि लिलावाच्या मालात बसत नाही. स्वतःपुरतं कमावून घरात ठेवायचं असेल किंवा पेंढा भरायला द्यायचं असेल, तर मीठ चालतं. विकायचं असेल तर मिठाची पिशवी उघडूच नये.

‘जमेल तेवढं ताणा, मोठ्याला जास्त भाव.’ आकारावर प्रत ठरते, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजतात, इथपर्यंत ठीक. पण केस तेवढेच राहतात. कातडं बळेच लांबवलं की फर विरळ दिसते, आणि घनता ही लांबीपेक्षा मोलाची. फळीवर किंवा तारेच्या फ्रेमवर कातडं सरळ, घट्ट आणि सुरकुतीविना बसावं, बस्स.

वाळवण्याबद्दल मजकुरात एकच वाक्य आहे आणि तेच सगळ्यांत घातक. कायोटीचं कातडं फळीवर दोनदा चढवावं लागतं. आधी फर आत, कातडीची बाजू बाहेर. वरचा चिकटपणा गेला की काढून, उलटून, फर बाहेर करून पुन्हा चढवायचं आणि तसंच पूर्ण वाळू द्यायचं, कारण ते विकलं जातं फर बाहेर असलेलंच. उलटायची वेळ घड्याळावर ठरत नाही. शेडमधली थंडी, ओल, कातड्याची जाडी यावर ती कधी एका रात्रीत येते, कधी आणखी लांबते. बोट फिरवायचं: कातडी कोरडी लागली पाहिजे, पण दुमडली तर वाकली पाहिजे. उशीर झाला तर पुढच्या पायांच्या काखेत ती कडक होऊन उलटताना चिरते. घाई केली तर ओल आत कोंडते आणि कानांपासून नासायला सुरुवात होते. हीटरजवळ ठेवलं तर कडा आधी वाळून आकसतात, मधला भाग ओला राहतो आणि उरलीसुरली चरबी वितळून कातडीत मुरते. असं कातडं पुढे कमावताना फाटतं. त्याला थंड, कोरडी, वारा खेळती जागा आणि फार तर एक पंखा लागतो.

आणि मजकूर हातमोज्यांबद्दल एक अक्षर बोलत नाही. हे मला अक्षम्य वाटतं. कायोटीला खरूज होते, तिचे किडे माणसाच्या हाताला आणि घरच्या कुत्र्यालाही लागतात. जागोजागी केस गेलेला, कातडी जाड आणि खपलीदार झालेला कायोटी सोलूच नये, त्याला किंमतही नाही. अंग गार पडू लागलं की पिसवा बाहेर येतात, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात पिसवांतून आणि सोलताना हातावरच्या जखमेतून प्लेग झाल्याच्या नोंदी आहेत. कायोटीच्या आतड्यात एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस नावाचा अगदी बारीक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून मागच्या भागाच्या फरला लागतात आणि माणसाच्या पोटात गेली तर यकृतात वर्षानुवर्षं वाढणारी गाठ होते. अल्बर्टात अलीकडच्या वर्षांत माणसांमध्ये असे रुग्ण सापडले आहेत. घरच्या फ्रीझरच्या थंडीने ही अंडी मरत नाहीत. हातमोजे, मास्क, कामाचे वेगळे कपडे, आणि स्वयंपाकघरापासून लांब जागा: एवढं नसेल तर सुरुवातच करू नका.

ज्याला खरोखर शिकायचं आहे त्याने पहिल्या हंगामात पैशाचा विचार बाजूला ठेवावा. प्रांताचा किंवा राज्याचा ट्रॅपर प्रशिक्षण वर्ग करावा. बरेच स्थानिक खरेदीदार न सोललेलं आख्खं जनावर किंवा नुसतं सोलून गोठवलेलं कातडंही घेतात. भाव कमी मिळतो, पण फर वाया जात नाही, आणि खरवडण्या-वाळवण्याचं अवघड काम जाणत्या हातात जातं. गोठवायचं असेल तर फर बाहेर ठेवून सैल गुंडाळी करावी आणि हवा काढलेल्या पिशवीत घालावी. त्यातलं एखादं कातडं स्वतः शेवटपर्यंत तयार करावं आणि खरेदीदारासमोर उभं राहून तो काय करतो ते बघावं. तो कातडं झटकतो, पोटाकडून उलटा हात फिरवतो, कानात बोट घालून ओल बघतो, शेपटी दाबत टोकापर्यंत जातो, मग वास घेतो. भाव कुठे आणि किती कापला हे विचारलं तर बहुतेक जण नीट सांगतात. ते लिहून घ्यावं आणि पुढचं कातडं तिथूनच सुरू करावं.